उजव्या हाताला जपावे

ओमानमधल्या सीबच्या जुन्या बाजारात डिशडाशे, म्हणजे अरबी पुरुषांचे पायघोळ झगे, शिवणाऱ्या जनार्दनचं अक्षर सुरेख होतं, आणि ते सुरेख आहे हे त्याला जरा जास्तच माहीत होतं. राजापूरजवळच्या त्याच्या शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचं काम चौथीपासून त्याच्याकडे असायचं. शिक्षण सातवीत संपलं. मुंबईत शिलाई शिकून तो इकडे आला आणि सत्तावीस वर्षं एकाच अर्बाबकडे, म्हणजे अरब मालकाकडे, गळ्याचं भरतकाम करत राहिला. अक्षराचा तोरा मात्र होता तसाच होता. त्यामुळे त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या गावच्या पोरांपैकी कुणालाही बुवांना पत्र लिहायचं झालं, की पेन जनार्दनच्याच हातात.

बुवा म्हणजे गावचे कृष्णकांत वैद्य, वय वर्षं शहाऐंशी. टपालाने रोगी तपासायची त्यांच्या घरातली रीत पणजोबांच्याही आधीपासूनची. त्या काळी गावचे तरुण बोटींवर खलाशी म्हणून जायचे, कुणी एडनला, कुणी रंगूनला. तिकडे ताप हटेना झाला की पत्र टाकायचे. उत्तर यायला दोन-तीन महिने लागत, आणि तोवर रोगी एक तर बरा झालेला असे, नाही तर कायमचा सुटलेला. तरी पत्रं काही थांबली नाहीत. रोग्याने सकाळी चूळ भरून, उपाशीपोटी, कागदाच्या एकाच बाजूला आपलं दुखणं लिहायचं. दुसरी बाजू कोरी ठेवायची. वैद्य त्या कोऱ्या बाजूवर उपाय लिहून तोच कागद परत धाडणार. आता घरोघरी व्हिडिओ कॉल आले, पण बुवा फोनवर "बरं, लिहा मग" एवढंच बोलतात आणि ठेवून देतात.

आणखी एक नियम होता: मजकूर स्वहस्ते लिहावा. जनार्दनने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला होता. म्हाताऱ्याला वाचता यावं म्हणून असेल, झालं! खोलीतल्या पोरांचं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय. ते वाचून बुवांचे उरलेसुरले डोळेही जायचे. मग मजकूर आपण लिहावा आणि खाली ज्याची त्याने सही करावी, यात नियम कुठे मोडला? उलट आपण म्हाताऱ्यावर उपकारच करतोय, अशी त्याची समजूत होती.

गोंधळ सुरू झाला तो यंदाच्या फेब्रुवारीत. धनंजय हा खोलीतला एसी मेकॅनिक. अडतिशीचा, रेड्यासारखा दणकट, पण महिनाभर पोटातल्या जळजळीने बेजार होता. रीतीप्रमाणे पत्र गेलं. तीन आठवड्यांनी दुकानाच्या पीओ बॉक्समध्ये उत्तर आलं. शुक्रवारी जेवणं झाल्यावर जनार्दनने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. लिहिणं त्याचं, तसं वाचणंही त्याचंच.

"जळजळ तिखटाची आहे. धणे भिजवून पाणी घ्यावे. परंतु ते किरकोळ. उजव्या हाताला जपावे. त्याचा इलाज मजकडे नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवावे. उशीर करू नये."

सगळ्यांनी धनंजयच्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्याच हाताने तो गॅसचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवायचा.

"काका, मी पोटाचं लिहिलेलं ना?"

"पोटाचंच लिहिलं रे. 'हात' हा शब्दसुद्धा नव्हता त्यात."

"मग हे काय नवीन लफडं?"

बुवांचा शब्द जनार्दनसाठी काळ्या दगडावरची रेघ. लहानपणी त्याच्या बापाला बुवांनीच मरणाच्या दारातून परत आणलं होतं. ते उगाच लिहिणार नाहीत. मग धनंजयला आतून काही होत असेल का? गावी त्याची बायको शिवांगी, सात महिन्यांची उर्वी. हा हात गेला तर त्यांनी बघायचं कुणाकडे? जनार्दनला सख्खा भाऊ नव्हता. नऊ वर्षं एका ताटाला ताट लावून जेवलेला धनंजय हाच त्याचा धाकटा भाऊ, आणि त्याच्या काळजीने जनार्दनच्या घशाखाली घास उतरेना.

त्यात साईच्या पत्राचं उत्तर आलं. साई सुपरमार्केटची व्हॅन चालवायचा. त्याचं दुखणं एवढंच, की लग्न ठरायच्या आत केस चालले होते. बुवांनी लिहिलं होतं, "केस जाणारच, मन घट्ट करावे. उजवा हात मात्र गेल्या पत्रापेक्षा वाईट आहे. दवाखान्यात अद्याप गेला नाहीत काय?"

"गेल्या पत्रापेक्षा?" साई ओरडला. "अरे, मी पहिल्यांदाच लिहिलंय!"

"खलास," धनंजय म्हणाला. "साठी बुद्धी नाठी. ह्यांची तर शहाऐंशी."

जनार्दनचं डोकं चालेना. बुवा चुकले म्हणावं तर जीभ रेटत नव्हती, बरोबर म्हणावं तर समोर चार धडधाकट हात. शेवटी त्याने बायकोला फोन लावला. गंगुबाई बुवांच्या शेजारीच राहायची.

"काय गो, बुवांचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"न असायला काय झालं? परवा माझं लोणचं खाऊन मीठ कमी आहे म्हणाले. आणि होतंच कमी. ते जाऊ द्या, तुम्ही फोन आधी नीट धरा बघू. तुमचं तोंड नुसतं हलतंय. मला गरगरतं."

"नेटवर्क नाही इथे," जनार्दन म्हणाला.

हल्ली त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला असं काहीतरी कारण तयार असायचं. सुईत दोरा जात नाही, तर सुया भिकार येतात. अक्षर बारीक येतं, तर कागद वाचतो. अर्बाबने दोन महिन्यांपूर्वी गळ्याचं भरतकाम काढून दुकानातल्या तरुण गुलजारला दिलं आणि जनार्दनला कापड कापायला बसवलं, तेव्हा तो दोन दिवस फुगून बसला. मग आपल्या वयाचा मान राखला असेल, असं त्याने ठरवून टाकलं. अर्बाब भला माणूस. तो तोंडावर काही बोलला नाही.

पुढच्या शनिवारी त्याने धनंजयला बखोट धरून अल खौदच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर उमामाने धनंजयचा हात ओढून पाहिला, ढकलून पाहिला, आपली दोन बोटं त्याला दाबायला सांगितली आणि "बस, बस!" म्हणून सोडवून घेतली.

"इसको कुछ नहीं है," ती हसत म्हणाली. "इसको किसने बोला हाथ खराब है?"

टपालाने, असं सांगायची जनार्दनला लाज वाटली.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण जनार्दन धनंजयला चहाचा कप उजव्या हातात धरायला लावून टक लावून बघत बसू लागला. जेवताना त्याच्या बोटांवर नजर. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. चौथ्या दिवशी धनंजय भडकला.

"बस झालं, काका! मीच लिहितो त्यांना."

आणि त्याने स्वतः लिहिलं. कावळ्याचे पाय, पण लिहिलं. "बुवा, डॉक्टरने हात बघितला, हात फस्क्लास आहे. धण्याच्या पाण्याने जळजळ कमी पडली. पण तुम्ही हाताचं का लिहिता ते सांगा. आमचे काका जेवत नाहीत." ते अक्षर बघून जनार्दनला फार वाईट वाटलं. निदान पाकिटावरचा पत्ता तरी मी घालतो, म्हणाला. धनंजयने तोही घालू दिला नाही.

मे महिन्यात उत्तर आलं. शुक्रवारची जेवणं झाली होती. धनंजयने सवयीने पाकीट जनार्दनकडे दिलं आणि जनार्दनने सवयीने वाचायला घेतलं.

"चि. धनंजय यास आशीर्वाद. हे अक्षर तुझे स्वतःचे. वेडेवाकडे आहे, पण पेन कागदात रुतले आहे आणि रेघ कोठे हललेली नाही. तुला काही झालेले नाही."

"बघा!" धनंजयने साईच्या पाठीत थाप मारली. जनार्दनलाही केवढं हायसं वाटलं! त्याच खुशीत त्याने पुढे वाचलं.

"आमच्या घराण्यात दूरच्या रोग्याची नाडी त्याच्या अक्षरात पाहतात, म्हणून स्वहस्ते लिहावयाचे. पूर्वी खलाशी लाजेपायी दुसऱ्याच्या नावाने पत्र लिहीत. तुम्हाकडून इतकी वर्षे एकाच हाताची पत्रे येतात. मला वाटे, रोगी एकच आहे व नावे बदलून लिहितो आहे. म्हणून सही कोणाचीही असली तरी मी त्या हातालाच उत्तर देत आलो. ते अक्षर पूर्वी फार देखणे होते. गेले वर्षभर ते ओळीच्या शेवटी मुंगीएवढे होत जाते आणि काने थरथरतात. तुम्हा सर्वांची पत्रे जो कोणी लिहितो, त्यास हाताला धरून दवाखान्यात न्यावे. तो आपण होऊन जाणार नाही."

जनार्दनने वाचायच्या सुरातच शेवटपर्यंत वाचलं, खालच्या तारखेसकट. अर्थ मागाहून आला. मग त्याने कागद उलटून दुसरी बाजू पाहिली. तिकडे धनंजयचं पत्र होतं, दुसरं काहीच नव्हतं.

"कुणाबद्दल लिहिलंय हे?" त्याने विचारलं. खरंच विचारलं.

साईने मान खाली घातली. धनंजयने पुढे होऊन कागद त्याच्या हातातून काढून घेतला, आणि कागद गेला तरी बोटं हलत राहिली. जनार्दनने ती दुसऱ्या हाताने दाबून धरली.

"एसीमुळे," तो म्हणाला.

"हो काका. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या बाईने फॉर्म पुढे केला. जनार्दन पेन घ्यायला गेला, पण त्याच्या आधी धनंजयने ते उचललं. नाव लिहिलं, वय अठ्ठावन्न लिहिलं आणि तक्रारीच्या रकान्यापाशी थांबला.

"काय होतंय, सांगा."

आजवर जनार्दनने किती जणांची दुखणी कागदावर उतरवली होती! कुणाचं पोट, कुणाची मूळव्याध, कुणाचं बायकोलाही न सांगता येणारं काही. माणूस चाचरायचा, आणि हा नेमका शब्द पुढे करायचा. आता त्याला एकही शब्द सापडेना. मागे रांगेतला माणूस खाकरला.

"हात हलतो म्हणून लिही," जनार्दन अखेर म्हणाला.

धनंजयने लिहिलं. "आणखी?"

"आणखी भीती वाटते रे, धन्या."

धनंजयने तेही लिहिलं.