प्रेमलताचा खारा चैत्र

खाडीकाठच्या देवबागची प्रेमलता जन्मभर मासळी विकत आली. पण नवरा लवू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला, तेव्हा ती घरीच राहिली आणि परसातल्या रेतीत शेणखत घालून तिने वाफे केले. माघात तांबडी भाजी तरारून आली. महिनोन्‌महिने मुका झालेला लवू पहिला घास गिळून म्हणाला, "बरी आसा गो." तेवढ्यावर हुरूप येऊन तिने भेंडी, वाली, मिरचीही लावली.

चैत्रात पानांच्या कडा करपू लागल्या. कीड समजून तिने राख भुरभुरली, विहिरीवरून रोज जास्त कळश्या आणून ओतल्या. झाडांनी माना टाकल्या.

एका सकाळी नळाला पाणी आलं नाही, म्हणून तिने विहिरीच्या पाण्याचा चहा केला. लवूने तो ओठांवरून ओघळू दिला.

"खारट लागता," तो म्हणाला.

प्रेमलताने विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी चाखलं. खाडी विहिरीत शिरली होती.

"म्हंजे मियाच माझ्या हातान मीठ घातलंय झाडांका," ती पुटपुटली.

नळाचं पाणी दोघांनाच जेमतेम पुरायचं. दुपारपर्यंत तिने सगळी रोपं उपटली आणि रिकाम्या वाफ्यातच बसून राहिली. आतून लवू हाका मारत होता. पण तिच्याने उठवेना.