चपलेत पाय गेल्यावर

कम्युनिटीकरांनो, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये शिकलेलं ब्रेनस्टॉर्मिंग आज गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत करून बघितलं. विषय, पार्किंगमधलं मुलांचं क्रिकेट. काल माझ्याच गाडीची काच फुटलीय.

माझ्या हॉलमध्ये सगळे गप्प बसून चिवडा खात होते. जोशीकाका म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते."

वैतागून मीटिंग संपवली. मंडळी दारात गेली, एकेक पाय चपलेत गेला आणि सगळ्यांना कंठ फुटला.

"मागच्या मोकळ्या जागेत खेळू दे ना पोरांना," जोशीकाका म्हणाले.

"दिंडोरीच्या आमच्या बागेतली जाळी पडून आहे, ती लावू," शेजारच्या वहिनी म्हणाल्या.

मी खूश. म्हटलं, चला, आत बसून पक्कं करू.

आत बसलो. परत सगळे चिवडा खायला लागले.

"तुम्ही ठरवाल ते," जोशीकाका म्हणाले.

"काका," मी म्हटलं, "जरा चपला घालता का?"

तुमच्याकडे मीटिंग कुठे होते हो, हॉलमध्ये की दारात?