ऐकून दिलेले गुण

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मंजुषा इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेत अकरावी-बारावीला हिंदी शिकवते. सव्वीस वर्षं झाली. तिचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी इंदूरला आले. तिचा जन्म इथलाच, स्नेहलतागंजातला. मुलांचं लेखन ती नुसतं डोळ्यांनी तपासत नाही. नावाचा कोपरा दुमडून दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेते आणि डोळे मिटून ऐकते. सुंदर अक्षराला फुकटचे गुण जाऊ नयेत, म्हणून.

यंदा वाचायला मी होते. विषय होता, 'मी भारतीय आहे हे मला कधी जाणवलं?' सदतीस मुलांनी लिहिलं होतं. पहिलं येईल त्याने भोपाळच्या आंतरशालेय संमेलनात आपलं लेखन वाचायचं. शाळेतून एकच जण.

दोन दुपारी बसलो. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आमच्याकडून वक्तृत्व घोटून घेतलेलं; सीमा, जवान, तिरंगा आला की माझा आवाज आपोआप चढायचा.

"क्या बात है काकू! एकदम आकाशवाणी!" मंजुषा म्हणायची, आणि मी आणखी खुलायची.

गुण देऊन झाल्यावर तिने कोपरे उघडले. देवेंद्र पहिला. खुशी नवव्या नंबरावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषा यादी घेऊन शाळेत गेली आणि मी रोजनिशी लिहायला बसले. घडलं तसं लिहायची सवय. लिहिलं, 'चौतिसावा निबंध खुशीचा. घसा बसला होता, पाच वाजत आले होते. भराभर उरकला.' ते शब्द पुन्हा वाचले आणि त्यांच्याखाली रेघ मारली.

संध्याकाळी वर गेले आणि वही तिच्यापुढे धरली. तिने ते दोनदा वाचलं.

"काकू, मला वाटलं निबंधच थकलेला आहे."

"अगं, थकलेली मी होते."

तिने गठ्ठा काढला. "आता मी वाचते, तुम्ही ऐका. ॲक्टिंग बंद."

खुशीने लिहिलं होतं: साताऱ्याला लग्नात चुलतभावंडं तिला 'हिंदीवाली' म्हणून चिडवत होती, इंदुरात वर्गातल्या मुली तिला 'मराठन' म्हणतात. परतीच्या गाडीत समोरच्या तमिळ बाईंनी मोडक्या हिंदीत विचारलं, "कहाँ की हो, बेटी?" सातारा म्हणावं की इंदूर, तिला कळेना. ती म्हणाली, "यहीं की." बाईंनी मान डोलावली, सरकून जागा केली आणि इडलीचा डबा पुढे केला. खुशीला तेव्हा जाणवलं.

मग देवेंद्रचा, त्याच सपाट आवाजात. तिरंगा सात वेळा आला. देवेंद्र एकदाही नाही.

नंतरच्या दोन दिवसांत मंजुषाने सदतीसच्या सदतीस पुन्हा वाचले, तसेच कोरडे. दोघींनी वेगवेगळे गुण दिले. दोघींच्याही कागदावर खुशी पहिली आली.

शाळेत काय झालं ते तिच्यासोबत शिकवणाऱ्या चारुलताने मला सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, यादी बोर्डावर लागली आहे. अब छोड़िए ना. लोक हसतील."

"हसू द्या सर. माझी पद्धत होती, चूकही माझीच," असं म्हणून मंजुषाने स्वतःच्या हाताने बोर्डावरची यादी काढली. माझं नाव तिने कुठेच घेतलं नाही. इतक्या वर्षांत कमावलेला मान असा सगळ्यांदेखत पणाला लावायला किती धीर लागतो, मला सांगता येणार नाही. मला तो झाला नसता.

देवेंद्रला तिने घरी बोलावलं. मी तिथेच होते.

"मॅडम, म्हणजे माझा बकवास होता का?" तो फुगून म्हणाला.

"नाही रे भिया," मंजुषा इंदुरी लाडात म्हणाली. "पण त्यात तू कुठे आहेस? आजोबांबरोबर आपल्या इथल्या लालबागेच्या मेळ्यात हरवलास, ते वर्गात किती मस्त सांगितलं होतंस! ते का नाही लिहिलं?"

"ते देशाबद्दल थोडीच आहे?"

"लिहून आण. मग बघू."

तो गेला तेव्हा अजून जरा फुगलेलाच होता. आठ दिवसांनी तीन पानं आणून दिली.

भोपाळला जायच्या आदल्या दिवशी खुशी आमच्यासमोर सराव करायला आली. हळू आवाजात, आपल्या नेहमीच्या बोलीत वाचत होती. "यहीं की"पाशी माझ्या अगदी ओठांवर आलं, इथे आवाज चढव. मंजुषाने माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी चहा ठेवायला उठले.