थोरलीची भिंत

सकाळपासून घरात ओल्या सिमेंटचा वास भरलाय आणि मला निपाणीच्या याच घरातली, स्वातंत्र्याआधीची गोष्ट आठवतेय. थोरल्या दिरांनी बेळगावच्या कॅम्पात कुणा साहेबाचा बंगला बघितला आणि येऊन आपल्या खोलीच्या दगडी भिंतींना आतून सिमेंट मारून घेतलं. माझ्या खोलीला तोच काळा दगड राहिला. थोरली जाऊ येता-जाता त्या गुळगुळीत भिंतीवरून हात फिरवायची आणि माझा जीव जळायचा. पुढच्या पावसाळ्यात तिच्या भिंतींना घाम फुटला, कोपऱ्यात रचलेल्या तंबाखूला बुरशी आली. सासरे म्हणाले, "काढून टाका रं ते समदं." गवंड्याची छिन्नी वाजायला लागली तशी मी चुलीपुढं भाकरी थापत मनातल्या मनात हसत होते. सिमेंटचे पोपडे पडले, आतला दगड उघडा झाला, तर गल्लीतल्या बायका बघायला आल्या. "लई देखणा दगड हाय गं आक्का," म्हणत जावेच्या भिंतीवरून हात फिरवून गेल्या. तसलाच दगड माझ्या भिंतीला पहिल्यापासून होता, त्याकडं एकीनंही मान वळवून बघितलं नाही. आज नातू माझ्या त्याच खोलीला सिमेंट मारून घेतोय. पावसाळ्यात भिंतीला घाम फुटणार, पुन्हा छिन्नी वाजणार, आतला दगड उघडा होणार, हे मला ठाऊक आहे. तरी मी त्याला नको म्हटलेलं नाही.