पान्हा फुटला तो जावेला

मी बी.एस्सी. झालेली बाई आहे, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. लिंबू-मिरची, करणी, अंगात येणं... असलं काही निघालं की मी उठून जाते. असल्या अनुभवांचा हा ग्रुपही वाचायचे तो हसायलाच. आज मीच लिहितेय — हसा खुशाल.

आम्ही लोहाऱ्याजवळच्या खेड्यातले. माझी धाकटी जाऊ मनीषा आणि मी एकाच वेळी गरोदर होतो. तिचं पोर पुऱ्या दिवसांचं, गुटगुटीत. माझा सातव्यातच आला, ओंजळीत मावेल एवढा. काचेच्या पेटीतून घरी आणताना डॉक्टरांनी बजावलं होतं — गर्दी नको, मुके नकोत. पण आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, दोघांचं बारसं एकत्रच मांडलं. पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात लेकरं फिरली, प्रत्येकीनं मुका घेतला. मनीषानं माझ्या बाळाला हातात घेतलं ते तेवढंच. एरवी मी देतच नव्हते. आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "धाकटीचं बघा, लोण्याचा गोळा! थोरली नुसतीच शिकली."

बारशातून सर्दी दोघांनाही लागली. तिच्या पोराला दोन शिंका. माझ्या पोराला ऑक्सिजन.

धाराशिवला भरती केलं. डॉक्टर म्हणाले, "व्हायरस तोच. पण कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. अशी बाळं मधेच श्वास घ्यायचाच विसरतात." बाळ आत, मी बाहेर बाकावर. नळीतून पाजायला दूध काढून द्यायचं होतं, पण काळजीनं माझं दूध आटलेलं. वाटीचा तळ भिजेना.

तेवढ्यात मनीषाचा फोन. "अक्का, आत्ता बाळ रडलं का वो? माझं पोरगं झोपलंय, अन् मला एकदम पान्हा फुटला. सगळं झंपर भिजलं बघा."

"दूध उतू चाललंय ते सांगायला फोन केलास व्हय?" म्हणून मी ठेवून दिला.

थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आली. "सुई बदलली आत्ता. लई रडला तुमचा वाघ!"

एकदा झालं तर योगायोग. पण पुन्हा तसंच... आणि पुन्हा. बंद दारातून मला आवाजही येत नव्हता, आणि तिकडं गावात बसून तिला कळत होतं! खरं सांगते, मला भीती नाही वाटली. जळफळाट झाला. पोटात मी वाढवलं, आणि छाती भरून येते हिची? मी तिचे फोन घेणंच बंद केलं.

एका दुपारी फोन वाजतच राहिला. वैतागून उचलला. मनीषाला धाप लागली होती.

"अक्का, आत जावा! पोरगं पीत होतं अन् माझं दूध मधीच थांबलं. छातीत गार पडलंय. तुमचं बाळ गप झालंय अक्का, जावा!"

"तुला काय कळतं गं तिथं बसून?" असं म्हणत म्हणतच मी दार बडवत होते.

सिस्टर चिडून आली. "काय झालं बाई? आत्ताच बघून आले, झोपलाय चांगला..." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिच्या मागं मशीन किंचाळायला लागलं.

माणसं धावली. मी दारात खिळलेली, फोन तसाच कानाला. मग मनीषा हुंदका देऊन म्हणाली, "रडला... रडला वो."

आतून अजून रडण्याचा आवाज नव्हता. त्यानंतर मला त्याचं रडणं ऐकू आलं.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, दुसऱ्याच्या बाळाचं रडणं ऐकूनही पान्हा फुटतो. ऐकून ठीक आहे... पण एवढ्या लांबून? त्यावर ते पुढच्या बाळाकडं गेले.

पोरगा आता रांगतो. मनीषाची मी खणा-नारळानं ओटी भरली, पायाही पडायला निघाले होते, तिनंच धरलं. उपकार मानते मी तिचे. पण याला मांडीवर घेतलं की अजून विचारते — दाराशी मी बसले होते रे. हाक तिला का मारलीस?