थळचे बोंबील आणि मावशीची गाठ

यावेळी थळला निघाले ती समुद्र बघायला नाही. मावशीच्या स्तनात गाठ लागतेय आणि ती तपासून घ्यायला तयार नाही, असं आईने फोनवर सांगितलं. तिथल्या तिथे ठरवलं, तिला घेऊनच परतायचं. मी प्रयोगशाळेत स्तनाच्या कॅन्सरच्याच पेशींवर काम करते, आणि घरातलीच बाई तपासणीच्या सुईला घाबरून बसणार? छे!

तुम्हाला जायचं असेल तर गेटवेहून मांडव्याची लाँच धरा. तिकिटातच अलिबागपर्यंतची बस येते, फक्त जागेसाठी उतरल्याबरोबर पळावं लागतं. थळच्या फाट्यावर उतरून रिक्षा केली. खत कारखाना मागे पडला की कोळीवाडा, आणि समोर पाण्यात खांदेरीचा किल्ला. तिकडे जायच्या होड्याही इथेच ठरवता येतात.

मावशी किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची.

"आलीस का गो? भाकऱ्या हायत घरात."

"मावशी, उद्या मुंबईला चल. तपासून घेऊ."

"मी न्हाय येत. दुखत न्हाय, खुपत न्हाय. शेजारीण सांगते, सुई टोचली का पसरतं. एका जागी धरून बसलीय ना, बसू दे."

जेवताना मी भांडले. (ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. हे न खाता परत जाल तर वेडे आहात!) सुईने पसरत नाही म्हणून डोकेफोड केली, तर तिने शांतपणे आणखी एक भाकरी वाढली. राग आला, रडूही आलं.

दुपारी तिच्याबरोबर जबडे अडकवायला बसले. माझ्या जोड्या सुटून भराभर वाळूत पडायला लागल्या. तेव्हा कुठे सुचलं.

"मावशी, पेशीसुद्धा अशाच एकमेकींना धरून असतात. धरायला प्रथिनं असतात, हे जबडेच समज. त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या असतात. चहातली साखर नव्हे, पेशी स्वतःच घडवते ती. कॅन्सरमध्ये या साखळ्या बदलतात आणि पकड ढिली होऊ शकते. मग पेशी सुटते, रक्तातून वाहत जाते आणि भलतीकडेच जाऊन चिकटते. आम्ही रोज तेच बघतो."

"म्हंजे ती धरून बसणार न्हाय?"

"आज असेल बसलेली. उद्याचं मला सांगता येत नाही गं."

ती वाळूतले बोंबील उचलून धूत राहिली. मग पलीकडे बसलेल्या त्याच शेजारणीला तिने हाक मारली.

"उद्या माझ्या दोऱ्या बघ गो. कावले बसू देऊ नको."

"आन् सुई?"

"टोचू दे. सुटलेला बोंबील कावल्याने नेला, तर मंग कुठं शोधू?"

दुसऱ्या दिवशी पहिली लाँच पकडली. मावशी सबंध वाट माझा हात धरून होती.

मुंबईला येऊन आठवडा झाला. सुईच्या तपासणीत कॅन्सरच निघाला. पण गाठ लहान आहे, कॅन्सर सुटून काखेपर्यंत पोचलेला दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आई रडायला लागली. मावशीने मला एवढंच विचारलं, "सुटलेला न्हाय ना?"

"सुटलेला दिसत नाही, मावशी."

"मंग काढा की लवकर. बोंबील वाळले असतील माझे."