तिसरीच्या वर्गाचं दार

“लाव हात,” असं म्हणून पदर कमरेला खोचायचा आणि समोरचा हो म्हणतोय की नाही हे न बघता कामाला लागायचं, ही काकूंची पद्धत. अशा बायका तुमच्याही ओळखीत असतील. आपण सहज डोकावायला जातो आणि थोड्या वेळाने हातात झाडू घेऊन उभे असतो.

पनवेलला राहायला आले आणि लगेचच मी त्यांच्या तावडीत सापडले. आमच्या सोसायटीमागे एक जुनी प्राथमिक शाळा आहे, जेमतेम चार खोल्यांची. काकू तिथल्या मूळ गावच्या. शेतं गेली, त्यांवर इमारती आल्या, गळ्यात सोनं आलं, पण घरी बसून राहणं काही त्यांना जमलं नाही. दर रविवारी गावातल्या आणि सोसायटीतल्या बायका गोळा करून त्या शाळा सुधारायला निघायच्या. नळ बसवले, मुलींच्या संडासाला दार लावलं, फळे नव्याने काळे केले. एकदा पार्सल द्यायला आलेल्या माणसालाही त्यांनी शिडी धरायला लावली. जाताना तो त्यांच्या पाया पडून गेला, बहुधा सुटल्याच्या आनंदात.

तिसरीच्या वर्गाचं छत रंगवायची कल्पना त्यांचीच. “आमच्या पोरांना आभाळ दिसतंय कुठं गो? जिकडं बगावं तिकडं टावर. आपन वर्गातच काडू.” छताला ओल होती, पोपडे सुटले होते. आम्ही ते खरवडले, भेगांत पुट्टी भरली, निळा रंग दिला आणि त्यावर कर्नाळ्याच्या अभयारण्यातले पक्षी काढले. त्या शाळेत एवढी देखणी खोली दुसरी नव्हती. मुलं बाकांवर उताणी पडून धडे वाचायची.

पावसाळ्यात त्या बाकांवर रोज सकाळी पांढरी भुकटी दिसायला लागली. समोरच्या रस्त्यावरून न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर गेले की जरा जास्तच. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, रंग सुटत असेल. काकू पदराने बाक पुसायच्या आणि वर बघत उभ्या राहायच्या. इतक्या बडबड्या बाईचं ते नुसतं वर बघत राहणं मला भिववायचं.

मग एका सकाळी एका पक्ष्याच्या पंखातून छताची सळई उघडी पडलेली दिसली, गंजून फुगलेली. काकूंनी माझा दंड धरला.

“ह्यो गंज मी खरवडताना बगितला व्हता गो. मला वाटलं, मळ हाय. मीच म्हटलं, भरा पुट्टी.”

त्याच दिवशी त्यांनी वर्ग व्हरांड्यात हलवला. खोलीला कुलूप मात्र मुख्याध्यापक बाई लावू देईनात, पोषण आहाराचा तांदूळ तिथेच असायचा. तेव्हा काकूंनी दारात खुर्ची टाकली आणि शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत त्या तिथे बसायला लागल्या. इंजिनिअर येऊन बघणार होते, ते येईनात. व्हरांड्यात पोरं भिजतात म्हणून पालक कुरकुरायला लागले. काकूंनी घरून ताडपत्री आणून बांधली. कुणी मोठे पाहुणे ‘आभाळाचा वर्ग’ बघायला फोटोग्राफर घेऊन आले. “फोटो भाईर काडा,” काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. “आत कोन जायाचा नाय.” पाहुणे रागावले. आमच्यातल्याच दोघीतिघी म्हणाल्या, ह्यांचं जरा अतीच झालंय. रविवारची माणसं कमी होत गेली. काकू खुर्चीवरून हलल्या नाहीत. मला त्यांची कीव यायची, आणि त्याच वेळी त्या आहेत म्हणून धीरही वाटायचा.

एका सोमवारी सकाळी त्यांच्या घरून फोन आला. झोपेतच गेल्या होत्या.

अंगणात बायका आक्रोश करत होत्या. पाऊस मी म्हणत होता. मुख्याध्यापक बाईही आल्या होत्या, डोळे पुसत माझ्या शेजारी बसल्या. मी सहजच विचारलं, “तिसरीला आज सुट्टी दिलीत का?”

“नाही हो. व्हरांड्यात झड येतेय. आजच्या दिवस आत बसवलंय.”

मी तशीच उठले. रिक्षातून उतरून पळत शाळेत शिरले तेव्हा मुलं आत पाढे म्हणत होती. “बाहेर!” मी ओरडले. “सगळे बाहेर!” त्यांची शिक्षिका दचकून उठली. काही मुलं हसली, काही घाबरली. एक मुलगी पट्टी शोधायला बाकाखाली शिरली, तिला मी दंडाला धरून ओढत आणलं. ती रडायला लागली, पण मी हात सोडला नाही.

सगळी बाहेर आल्यावर मी दारातल्या खुर्चीवर बसले. पाठीमागे बाकावर काहीतरी पडलं. फार मोठं नसावं. मी वळून बघितलं नाही.

थोड्या वेळाने फोन वाजला. काकूंना न्यायला निघाले होते, लवकर ये म्हणत होते. माझा फार जीव होता त्यांच्यावर. त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचं होतं मला.

“मला नाही येता येणार,” मी म्हणाले.

शाळा सुटायला अजून बराच वेळ होता.